गोळी तशीच बाहेर पडते

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडचे पेशंट आमच्या ओपीडीत फारसे दिसत नाहीत. अशा घाईत बापलेक दोघंही बाग सोडून नाशकाला आले, म्हणजे दुखणं अंगावर काढण्यापलीकडे गेलेलं असणार. पोरगा चोविशीतला, अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. पोटाच्या डॉक्टरांनी तपासून आहारासाठी माझ्याकडे पाठवला होता. वजन ५२ किलो, हिमोग्लोबिन ९. दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावं लागायचं आणि दर वेळी रक्त. आतड्याची सूज दाखवणारी शौचाची एक तपासणी असते, कॅलप्रोटेक्टिन. ती ५० च्या आत हवी. याची हजाराच्या पुढे.

वडिलांनी पिशवीतून एक काळा डबा काढून टेबलावर ठेवला. एल-ग्लुटामिन, एका चमच्याला ५ ग्रॅम. जिमच्या ट्रेनरने सांगितलेलं, ‘आतड्याचं अस्तर भरून येतं’ म्हणून.

“मॅडम, एवढं महागाचं चालू आहे, तरी उतार नाही. बागेला अमिनो मारलं की पानाला कसं तेज येतं! याला का लागू पडंना?”

प्रश्न रास्त होता. ग्लुटामिन हे अमिनो ॲसिडच आणि लहान आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन, हेही खरं. ट्रेनरने पहिलं वाक्य बरोबर वाचलं होतं. पण या पोराचा आजार मोठ्या आतड्यात. तिथल्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर जगतात, आणि ते तिथले जिवाणू चोथ्यापासून तयार करतात. तोंडावाटे घेतलेलं ग्लुटामिन बहुतेक वरच, लहान आतड्यात आणि यकृतात खर्ची पडतं. “नाना, फवारा शेंड्याला आणि भुरी खालच्या घडाला, असं चाललंय,” म्हटल्यावर ते हसले. लहान आतड्यालाही धरू शकणाऱ्या क्रोन्सच्या आजारात तरी गुण यावा ना? त्या रुग्णांवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत. २०१६ साली कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने त्यांचा आढावा घेतला, तेव्हा ग्लुटामिनने आजार शांत होतो म्हणायला पुरेसा आधार सापडला नाही.

गंमत पुढेच. त्याच ट्रेनरच्या सांगण्यावरून पोराने गहू बंद केला होता, आणि आईने भीतीपोटी दूध-दही. गव्हाच्या आणि दुधाच्या प्रथिनांत ग्लुटामिन भरपूर असतं. म्हणजे ताटातलं काढून टाकायचं आणि तेच डब्यातून विकत घ्यायचं!

तरी माझं गणित जुळत नव्हतं. पावडर फुकट गेली हे ठीक, पण त्यापायी आजार इतका का उसळावा? नाना बिल भरायला खाली गेले तेव्हा पोराने दाराकडे बघून आवाज उतरवला.

“मॅडम, गोळ्या बंद केल्यात मी. त्या विरघळतच नाहीत. तशाच बाहेर पडतात.”

“तू बघितलंस?”

“दोन-तीनदा. एकदा काडीने दाबून पण बघितली.”

“मग? टणक होती की चेपली?”

तो थांबला. “चेपली. आत काही नव्हतं.”

त्याच्या गोळ्या मेसालामाइनच्या, आतड्याची सूज उतरवणाऱ्या. या गोळीला आवरण असतं. जठरात फुटू नये, खाली उतरल्यावरच औषध सुटावं म्हणून. औषध नेमकं मोठ्या आतड्याच्या अस्तराला लागतं आणि कधी कधी रिकामं कवच तेवढं बाहेर पडतं. अख्खी, भरलेली गोळी वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. पण याने पाहिलं ते टरफल होतं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि असलं विचारायची लाज वाटते माणसाला. पावडर मात्र डोळ्यांदेखत पाण्यात विरघळायची. शिवाय ती सुरू केली तेव्हा स्टिरॉइडचा कोर्स चालू होता, त्यामुळे पहिले काही आठवडे खरंच बरं वाटलं. काम केलं स्टिरॉइडने, नाव झालं डब्याचं. कोर्स संपला, मेसालामाइनही नाही, मग आजाराला रान मोकळंच मिळालं.

मी त्याला तसाच डॉक्टरांकडे परत नेलं. त्यांनी जंतुसंसर्ग नाही ना हे बघायला शौचाचा नमुना पाठवला, गोळ्या पुन्हा सुरू केल्या, जोडीला मेसालामाइनचा एनिमा दिला. नानांना त्याने स्वतःच सांगावं असं मी म्हटलं. सांगितलं त्याने. जिन्यातच. नाना काही क्षण गप्प, मग म्हणाले, “मला विचारायचं तरी, गड्या.”

पावडर विष नाही, पण त्या पैशांत अंडी किती येतात ते नानांनीच तोंडी काढलं. आजार उसळलेला असताना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे याला दिवसाला ६२ ते ७८ ग्रॅम. उकडलेली अंडी, मऊ मूगखिचडी, पनीर; दही थोडं घेऊन बघायचं, सोसलं तर वाढवायचं; मऊ पोळी पुन्हा सुरू. मिसळ सध्या नाही, यावर मात्र त्याचा चेहरा पडला.

पंधरवड्यात रक्त थांबलं. त्याच आठवड्यात सकाळी सकाळी मोबाइलवर त्याने पाठवलेला फोटो आला, खाली विचारलेलं, “मॅडम, हे कवचच आहे ना?”

कवचच होतं. तसं कळवलं, आणि पुढच्या वेळी नुसतं लिहून विचारलंस तरी चालेल, असंही.