टाकीत अजून एकही मासा नाही

गुरुवार, रात्र

टाकीच्या पाण्यातलं नायट्राइट शून्य आलं आज. दोनदा टेस्ट केली, दोन्ही वेळा नळीतलं पाणी नितळ, रंगाचा मागमूस नाही. अमोनिया तर आधीच उतरला होता. म्हणजे सायकल, माशांपासून होणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टाकीत वाढवायचं काम, पूर्ण झाली असं म्हणायला आता हरकत नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं पण घरात सगळे झोपलेत, म्हणून इथे लिहितेय.

दहा-अकरा वर्षांनी परत खाऱ्या पाण्याची टाकी लावलीय. दादरला माहेरी होते तेव्हा पहिली होती. मग लग्न, पुणे, भाड्याची घरं, लेक लहान, आणि दर दोन-तीन वर्षांनी सामान हलवायचं तर एवढी काचेची टाकी कुठे कुठे नेणार, म्हणून ती देऊन टाकली. आता घर स्वतःचं आहे, तळमजला आहे, त्यामुळे वजनाची चिंता नाही. तीन फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे साधारण 180 लिटर पाणी, त्यात दगड, वाळू, काच, स्टँड धरलं तर अडीचशे किलोच्या वर जातं सगळं मिळून. जागा हॉलमधल्या आतल्या भिंतीला, थेट ऊन येत नाही तिथे.

या छंदात परत आल्यावर सगळ्यात आधी जाणवलं ते हे की पाण्याचं गणित शहराबरोबर बदलतं. दादरला मे महिन्यात टाकीचं पाणी 31-32 डिग्रीला जायचं आणि फॅन लावून काही व्हायचं नाही, कारण हवाच दमट, पाणी उडणार कुठे. पुण्याला एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की दोन छोटे फॅन पाण्यावर तिरके लावले तरी पाणी तीन-चार डिग्रीने उतरतं, चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करायच्या यंत्राशिवाय, 27 ला राहतं. पण मग दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडून जातं. आणि मीठ काही उडत नाही, ते मागेच राहतं, त्यामुळे 35 ला (हजार भागांत 35 भाग क्षार) लावलेली खारटपणाची पातळी दोन दिवस लक्ष दिलं नाही तर साडेछत्तीसला पोचते. म्हणून जेवढं उडालं तेवढं साधं आरओचं पाणीच घालायचं, खारं नाही. नवीन माणसाला हे पटकन कळत नाही, टाकी खाऱ्या पाण्याची म्हणून खारंच पाणी घालत राहतो. मी टाकीच्या मागच्या काचेवर मार्करने रेघ मारलीय आणि सकाळी चहा व्हायच्या आत रेघेपर्यंत पाणी भरते.

त्यातून आमच्याकडे उन्हाळ्यात गुरुवारी पाणी बंद, आणि मेंटेनन्ससाठी लाईट जाते तीही बहुतेक गुरुवारीच. म्हणून बुधवारी रात्री आरओ-डीआयचा, म्हणजे आरओनंतर उरलेसुरले क्षारही काढलेल्या पाण्याचा, ड्रम भरून ठेवायचा. सोसायटीत टँकर आला की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) सहाशेच्या वर, त्या पाण्याने फिल्टर लवकर संपतात, त्यामुळे टँकरच्या दिवशी आरओ चालवतच नाही. डीआयमधून बाहेर येणारं पाणी शून्य टीडीएस आलं तरच मीठ घालायचं. पूर्ण टाकीला पहिल्यांदा साडेसहा-सात किलो मीठ लागलं, आता दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की सातशे ग्रॅमच्या आसपास. लाईट गेली की बॅटरीवरचा एअर पंप आपोआप सुरू होतो. पाणी गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे उन्हाळ्यात पंप बंद पडून चालतच नाही.

लाईट तर पूर्ण बदलल्यात. तेव्हा 150 वॉटचा मेटल हॅलाइड दिवा लावायचे, तो स्वतःच पाणी तापवायचा आणि मग ते तापलेलं पाणी थंड करायला वेगळी वीज. आता एलईडी, साठ वॉटमध्ये काम होतं, सकाळ-संध्याकाळ हळूहळू उजळतो आणि मंद होतो. बिल बघून बरं वाटलं.

पण मला मुख्य लिहायचंय ते हे नाही.

दुकानात पहिल्या दिवशी दुकानदार म्हणाला, मॅडम, सायकलसाठी दोन डॅमसेल मासे टाका, मजबूत असतात, मेले तरी स्वस्तातले आहेत. मी नाही म्हटलं. पूर्वी सगळीकडे हीच पद्धत होती, नवीन टाकीत आधी निळे डॅमसेल सोडायचे, त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया यायचा, तो खाणारे बॅक्टेरिया वाढायचे, आणि ते होईपर्यंत त्या माशांनी अमोनियातच श्वास घ्यायचा. कल्ले जळतात त्याने. आणि जो मासा तिथून जगून निघतो तोच पुढे टाकीचा मालक होतो, नंतर येणाऱ्या प्रत्येकाला टोचून हैराण करतो. आता अमोनियम क्लोराइड मोजून घालायचं, 2 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) न्यायचं, आणि थांबायचं. एका जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि या दुसऱ्यांना वाढायला वेळ लागतो म्हणून मधले दोन-तीन आठवडे नायट्राइट चढलेलंच असतं. कुणाचा जीव घालवायची गरजच नाही. बाटलीतले बॅक्टेरिया मिळतात तेही घातले, पण माझा जास्त भरवसा ठाण्याच्या मित्राने त्याच्या चालू टाकीतून काढून दिलेल्या मुठीएवढ्या दगडावर. ओल्या कपड्यात गुंडाळून डब्यात घालून आणला, बाकी सगळे दगड कोरडे.

आणि त्या एका दगडाने काय काय आणलं! रात्री लाईट बंद झाल्यावर मोबाईलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावून बघते मी. काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसतात, ते कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव. आधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आता काच भरून. दगडाच्या खालच्या बाजूला भेगेतून एक छोटा पिसांचा पंखा बाहेर येतो, नळीत राहणारा किडा आहे तो, पाण्यातले कण गाळून खातो, सावली पडली की क्षणात आत. ब्रिसल वर्म पण आहे एक, लोक घाबरतात त्याला पण तो सडलेलं खाऊन वाळू साफ ठेवतो, राहू दे. दोन आठवड्यांपूर्वी वाळूवर तपकिरी थर आला, डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, नवीन टाकीत येतातच, ओरबाडून काढायचे नाहीत, पाण्यातलं सिलिका संपलं की आपसूक जातात. आता कमी झालेत. आणि कालच एका दगडाच्या कोपऱ्यावर जांभळा डाग दिसला, नखाएवढा. कोरलाइन अल्गी, दगडावर चिकटून वाढणारं कडक जांभळं शेवाळ! इतक्या लवकर मी धरलीच नव्हती.

सासूबाई आधी म्हणायच्या, "अगं, मासे कधी आणणार तू? नुसतं पाणीच बघत बसतेस." परवा मी त्यांना तो पंखा दाखवला, त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं आणि आता रोज जेवण झाल्यावर विचारतात, आला का गं तो बाहेर. लेकीने त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय.

मला खरंच ही मासे नसलेली टाकी फार आवडलीय. तेव्हा वीस-बावीस वर्षांची असताना सगळं लक्ष माशांकडे असायचं, कुठला रंग, कुठली जात, कधी येणार. तारापोरवाला मत्स्यालयात बाबा न्यायचे तेव्हापासून डोक्यात तेच, काचेमागे रंगीत मासे. आता वाटतं की मासे म्हणजे या सगळ्यावरचा अगदी वरचा थर, खाली जे चाललंय ते चांगलं असेल तरच तो टिकणार.

कोरल नाही ठेवणार मी. बाहेरच्या देशांतले कोरलच्या टाक्यांचे व्हिडिओ बघून इथले लोक हळहळतात, पण आपल्याकडे 2001 पासून सगळी कठीण कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, आणि मला ते योग्यच वाटतं. समुद्रघोडेसुद्धा तेव्हापासून संरक्षित. 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी-हाजीअलीची कोरल उचलून दुसरीकडे नेऊन लावली तेव्हा कितीतरी मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या गढूळ किनाऱ्यावरही कोरल जगतात. इतक्या कष्टाने जगणारी गोष्ट तोडून माझ्या हॉलमध्ये कशाला. लेकीला कोरल बघायचं असेल तर दिवाळीत मालवणला नेईन, पाण्यात उतरून बघेल.

मासेसुद्धा या वेळी फक्त टाकीतच जन्मलेले घ्यायचे असं ठरवलंय. समुद्रातून पकडलेला मासा किती हातांतून येतो, काही देशांत तर सायनाइड फवारून गुंगी आणून पकडतात, तो दुकानात धडधाकट दिसतो आणि काही आठवड्यांत जातो. क्लाउनफिशचं हे एक फार चांगलं आहे की तो दगडावर अंडी घालतो, बाप पंखाने वारा घालत राखण करतो, आठवड्याभरात पिल्लं फुटतात, आणि ती आधी रोटिफर आणि मग आर्टेमिया या अगदी बारीक जिवांवर वाढवता येतात. आपल्याकडेही होतंय हे, ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी आहे. ब्लू टँग माशाची पिल्लं मात्र पहिल्यांदा 2016 मध्ये फ्लोरिडात वाढवली तेव्हा जगभर बातमी झाली, इतकं ते अवघड. लेकीला ब्लू टँगच हवाय पण तो फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहतो, तीन फुटांत त्याला कोंडायचं नाही, हे तिला समजावलंय. पटलं नाही अजून.

दोन लहान क्लाउनफिश एकत्र घेणार. सगळे जन्मतात नर, त्यातला जो मोठा आणि वरचढ होतो तो मादी बनतो, त्यामुळे जोडी निवडायची भानगड नाही, दोघं आपापसात ठरवतील. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसत होत्या आणि मग शेजारच्या काकूंना फोन करून सांगितलं.

उद्या अमोनिया परत 2 पीपीएमला नेऊन बघायचा, चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तर रविवारी मोठं वॉटर चेंज. मग लगेच मासे नाहीत, आधी गोगलगायी. क्वारंटाइनची चाळीस लिटरची टाकी गॅलरीतून आत आणायचीय, तिचा स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत बॅक्टेरिया धरायला टाकून ठेवलाय आधीच. जोडी आली की किमान चार आठवडे तिथे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला तर मासे काढून टाकी दोन-अडीच महिने माशांविना चालू ठेवावी लागते, तेवढं नको आता. ड्रम अर्धाच आहे, सकाळी पाणी आलं की आधी तो भरायचा.