चार ट्रान्समीटर, एक अँटेना

गणेशोत्सवात खानापूर तालुक्यातल्या एका गावी अभंगांचा कार्यक्रम होता आणि ध्वनियोजना माझ्याकडे होती. गायक, हार्मोनियम, तबला आणि पखवाज अशा चौघांसाठी चार इन-इअर ट्रान्समीटर, म्हणजे कलाकाराच्या कानातल्या बडपर्यंत बिनतारी आवाज पोहोचवणारी यंत्रे, मी एकाच रॅकमध्ये एकावर एक बसवले होते. प्रत्येकाचा अँटेना त्याच्यामागेच उभा होता आणि दोन अँटेनांमध्ये वीतभरही अंतर नव्हते.

दुपारच्या चाचणीत बुवांनी दुसऱ्या कडव्यालाच कानातला बड काढून हातात धरला. “माझ्या आवाजावर कोणीतरी तवा घासतंय,” ते म्हणाले. रिसिव्हर बदलला, बॅटरी बदलली, तरी फरक पडेना. मग मी एकेक ट्रान्समीटर बंद करून पाहिला आणि तबल्याचा बंद करताच बुवांच्या कानातली खरखर थांबली. हार्मोनियमवाल्यांनाही ती ऐकू येत होती, पण पंख्याचा आवाज समजून त्यांनी सोडून दिली होती.

दोष माझ्या मांडणीत होता. हार्मोनियम 610, तबला 612, गायक 614 आणि पखवाज 616 मेगाहर्ट्झ अशा समान अंतराच्या फ्रिक्वेन्सी मी निवडल्या होत्या. अँटेना जवळ असले की एका ट्रान्समीटरची लहर शेजारच्याच्या अॅम्प्लिफायरमध्ये शिरते, तिथे दोन्ही मिसळतात आणि तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार होऊन हवेत जाते. 612 ची दुप्पट करून 610 वजा केले की नेमके 614 उरतात, म्हणजे बुवांचीच जागा.

“दादा, चारी वायरी टी लावून एकाच अँटेनाला जोडूया की,” माझा सहायक म्हणाला. टी म्हणजे वायरी एकमेकींना नुसत्या जोडणारा T आकाराचा तुकडा. मी नको म्हटले, कारण हवेतून चोरट्याने शिरणारी लहर टीमुळे तांब्यातून थेट आत गेली असती. अनेक ट्रान्समीटर एका अँटेनावर आणायचे खरे यंत्र म्हणजे कंबाइनर; तो प्रत्येक ट्रान्समीटरला आधी दुसऱ्यापासून वेगळे ठेवतो आणि मगच सगळ्यांना एकत्र आणतो, हा भेद फार महत्त्वाचा आहे. चार वाटांच्या साध्या पॅसिव्ह, म्हणजे बिनविजेच्या, कंबाइनरमध्ये प्रत्येकाची जेमतेम चतुर्थांश शक्ती उरते, म्हणून टिळकवाडीतल्या मित्राकडून ती घट भरून काढणारा, विजेवर चालणारा अॅक्टिव्ह कंबाइनर मागवला. भर पावसात तो संध्याकाळी पोहोचला.

फ्रिक्वेन्सी मी असमान अंतरावर बसवल्या. अँटेनासाठी जाड केबल घेतली, कारण फ्रिक्वेन्सीच्या या पट्ट्यात दहा मीटर बारीक केबलमध्येच निम्म्याहून अधिक शक्ती विरते. हेलिकल, म्हणजे मळसूत्री वेटोळ्याचा, अँटेना मंचाच्या डाव्या कोपऱ्यात उंच स्टँडवर चढवला आणि माइकच्या रिसिव्हरचे अँटेना उजव्या टोकाला हलवले, म्हणजे इन-इअरच्या जोरापुढे माइकचा बारीक सिग्नल दबणार नाही. मग रिसिव्हर कमरेला लावून, तो उभा-आडवा फिरवत मी मंचभर चाललो आणि पखवाजामागच्या लोखंडी खांबाआड मुद्दाम थांबून ऐकले. आवाज तुटला नाही.

बुवांनी तेच दुसरे कडवे पुन्हा घेतले, डोळे मिटले आणि हातानेच पखवाज थोडा वाढवायला सांगितला. भैरवी संपेपर्यंत त्यांचा हात एकदाही कानाकडे गेला नाही.