आमच्या विहिरीला कोपरे नाहीत!

विहीर गोल आहे, एवढं एका कागदावर मान्य करून घ्यायला आमचा उन्हाळा सरला. जमीन खानापूर तालुक्यातली, वर जांभा, खाली काळा दगड. कर्ज मंजूर झालं, खोदाई झाली, त्याबद्दल तक्रार नाही. अडलं ते मोजमापाच्या दाखल्यावर. कर्जाचा हप्ताही त्यावर आणि कंत्राटदाराचं ब्रासवरचं (ब्रास म्हणजे 100 घनफूट) बिलही त्यावरच.

फॉर्मात रकाने तीन: लांबी, रुंदी, खोली. साहेबांनी व्यास मोजला 30 फूट आणि लांबीत 30, रुंदीतही 30 ठोकून दिले. झाले 900 चौरस फूट! खोली 40, म्हणजे 360 ब्रास. मी म्हटलं, "साहेब, गोल आहे हो. त्रिज्या 15, वर्ग 225, गुणिले 3.14. सातशे सातसुद्धा पुरते भरत नाहीत." तर म्हणे, "गोलचा कॉलमच नाही री." कंत्राटदार शेजारी गप्प उभा. का बोलेल? न खोदलेल्या 77 ब्रासचे पैसे मिळत होते त्याला.

मग "सोमवारी या", मग "मोठे साहेब बेळगावला गेलेत", मग "कॉम्प्युटर घेत नाही". वहीत चौकोन काढला, आत वर्तुळ काढलं: चौकोन शंभर धरला तर वर्तुळ साडेअठ्ठ्याहत्तर, उरलेले साडेएकवीस नुसते कोपरे. साहेबांनी वही पाहिली, चहा मागवला आणि फाईल गठ्ठ्याच्या तळाला सारली. डोकं असं तापलं म्हणता!

वाट काढली ती गावातल्या निवृत्त गुरुजींनी. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे म्हणाले: परीघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणा, क्षेत्रफळ येतं. दोन आकडे, आणि खोलीचा सोडला तर रकानेही दोनच! लांबीत परीघ 94.25, रुंदीत 7.5, शेऱ्यात 'गोल विहीर'. गुणाकार 706.875. मोठ्या साहेबांनी कॅल्क्युलेटर दोनदा बडवला आणि सही केली. 282.75 ब्रास. कंत्राटदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

परीघ मोजायला सुंभ घेऊ नका, ताणतो, टेपच घ्या. व्यासासाठी टेपचं एक टोक काठावर दाबून धरा, दुसरं समोरच्या काठावरून सरकवा. सगळ्यात मोठं माप येईल तो व्यास. दोन-तीन जागी घ्या, कारण जेसीबीची विहीर कंपासने काढल्यासारखी नसते. 22/7 की 3.14 यावर भांडू नका, एवढ्या विहिरीत चौरस फुटाचाही फरक पडत नाही.

आणि हो, बांधकामाचं माप वेगळं. आमची भिंत दीड फुटी, 30 फुटांच्या आत बांधलेली. गवंडी बाहेरचा घेर धरतो, तो धरू देऊ नका. भिंतीच्या मधोमधचा व्यास 28.5, त्याचा घेर साधारण 89.5 फूट, तो गुणिले जाडी गुणिले उंची. आमच्या गवंड्याने कुरकुर केली, पण कॉलम मागितला नाही.