रूस्कीचे क्लाउडलँड

आयर्लंडमध्ये डब्लिनहून स्लायगोकडे जाणारा एन-४ महामार्ग आता रूस्की गावाला वळसा घालून जातो. त्यामुळे मुद्दाम गावात शिरल्याशिवाय शॅनन नदीवरचा पूल दिसत नाही, आणि इथे एके काळी आसपासच्या चार परगण्यांतील तरुणतरुणी सायकली दामटत नाचायला येत असत, याचीही कल्पना येत नाही. मी लाँगफर्डला राहतो. शेजारच्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांना कॅरिकला त्यांच्या बहिणीकडे पोहोचवण्याचे काम मी आनंदाने करतो. गेल्या खेपेस त्यांनी गाडी गावात घ्यायला सांगितली आणि खिडकीची काच खाली करून म्हणाल्या, “इथे आमचे क्लाउडलँड होते.”

क्लाउडलँड हे इथल्या बॉलरूमचे, म्हणजे नाचघराचे नाव. बॉलरूम म्हटले की आपल्याला झुंबरे आणि राजवाडे आठवतात, पण आयर्लंडच्या खेड्यांतील बॉलरूम म्हणजे हमरस्त्यालगत बांधलेली एक लांबरुंद, साधी इमारत असे. आत गुळगुळीत लाकडी जमीन, एका टोकाला मंच, भिंतीकडेने बाके, आणि लेमोनेड, चहा व सँडविच देणारा एक काउंटर, ज्याला सगळे ‘मिनरल बार’ म्हणत. दारू तिथे मिळत नसे.

त्याआधी इथली माणसे घरांमध्ये आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी चौरस्त्यांवर नाचत असत. हे ऐकले तेव्हा मला पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चौफुला आठवला. तिथली संगीतबारी ही व्यावसायिक कलावंतांची आणि हा गावकऱ्यांचा आपापसातला नाच, त्यामुळे तुलना फार ताणता येणार नाही. तरी चार वाटा मिळतात तिथेच ढोलकी किंवा फिडल वाजावी, हे मला फार जवळचे वाटले. धर्मगुरूंना मात्र हे मोकळे नाच मान्य नव्हते. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचासाठी न्यायालयाचा परवाना सक्तीचा केला, चौरस्ते आणि घरे ओस पडू लागली आणि नाच चर्चच्या देखरेखीखालच्या सभागृहांत गेला. पुढे १९४६ पासून खेडोपाडी वीज पोहोचू लागली, ध्वनिवर्धक आले आणि मोठ्या बॉलरूमना वाव मिळाला.

क्लाउडलँड उभारले ते १९५० च्या दशकाच्या मध्यास, रूस्कीच्याच रेनॉल्ड्स बंधूंनी. त्यांच्यातला अल्बर्ट आधी सरकारी वाहतूक कंपनीत कारकून होता. या भावांनी मग रोझलँड, ड्रीमलँड, फेअरीलँड, लेकलँड, जेटलँड अशी बॉलरूमची साखळीच उभी केली. हाच अल्बर्ट रेनॉल्ड्स १९९२ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि उत्तर आयर्लंडमधील शांततेच्या वाटाघाटींत त्याने मोलाचा वाटा उचलला. आजींना मात्र त्याची ओळख बॉलरूमवाल्या भावांपैकी एक अशीच आहे.

आजी पहिल्यांदा तिथे गेल्या १९६१ साली, अठराव्या वर्षी. त्यांनी जे सांगितले ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एका भिंतीला मुली, समोरच्या भिंतीला मुलगे आणि मधे ती रिकामी, चकचकीत जमीन. वाद्ये सुरू झाली की मुलग्यांनी ती जमीन ओलांडून यायचे आणि हात पुढे करायचा. एका फेरीत तीन गाणी होत, मग प्रत्येकाने आपापल्या भिंतीकडे परतायचे. मात्र एखाद्याने “पुढच्या फेरीलाही थांबशील का?” असे विचारले आणि मुलगी थांबली, तर पाहणाऱ्यांना जे समजायचे ते समजे. त्यानंतर लेमोनेड घेण्याचे निमंत्रण आले आणि मुलीने स्वीकारले, तर ती बाब जवळजवळ वाङ्‍निश्चयाइतकी गंभीर होती. नकार मिळालेल्याला तीच जमीन सगळ्यांच्या देखत पुन्हा ओलांडावी लागे. आजी म्हणाल्या की त्या मुलांची पाठ बघवत नसे, म्हणून त्यांनी कधी कुणाला नाही म्हटले नाही. शेवटी राष्ट्रगीत होई, सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहत आणि मग अंधारात सायकलींचे दिवे चहू दिशांना पांगत.

वाजवायला असत ‘शोबँड’. जुन्या वाद्यवृंदांप्रमाणे बसून न वाजवता, एकसारखे सूट घातलेले सातआठ जण ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार घेऊन मंचभर हालत असत. वॉटरफर्डच्या रॉयल शोबँडची कीर्ती अशी होती की एप्रिल १९६२ मध्ये लिव्हरपूलला त्यांच्या कार्यक्रमाआधी बीटल्सनी वाजवले होते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात इथल्या बॉलरूम बंद असत, तेव्हा हे बँड इंग्लंड-अमेरिकेत आपल्या स्थलांतरित बांधवांसाठी वाजवायला जात. त्या दशकांत लाखो आयरिश माणसे देश सोडून गेली होती. परदेशात गणेशोत्सवाला पुण्या-मुंबईचे कलाकार आले की आपला जीव कसा गोळा होतो, हे आठवून त्या लंडनच्या सभागृहांतील गर्दी मला नीट समजली.

पुढे मद्याचा परवाना असलेल्या हॉटेलांत डिस्को सुरू झाले आणि लेमोनेडवर चालणाऱ्या बॉलरूमचा टिकाव लागेना. त्यातच ३१ जुलै १९७५ च्या पहाटे, तेव्हा कॅथलिक-प्रोटेस्टंट हिंसेत होरपळणाऱ्या उत्तर आयर्लंडमधील बॅनब्रिजहून कार्यक्रम करून डब्लिनला परतणाऱ्या मायामी शोबँडची गाडी खोट्या लष्करी नाक्यावर अडवून तिघा कलावंतांना ठार करण्यात आले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले ज्या गाण्यांवर एका जमिनीवर नाचत होती, ती गाणी घेऊन सीमा ओलांडणाऱ्यांवरच तो घाला होता. हे सांगताना आजींचा आवाज इतका खाली गेला की मी गाडी थांबवली.

कॅरिकला पोहोचल्यावर बहिणींचा विषय तोच राहिला. ज्या रात्री आजोबांनी आजींना दुसऱ्या फेरीला थांबवले, त्या रात्री बँडचे सूट आकाशी होते असे आजींचे म्हणणे, तर धाकट्या बहिणीला ते लालसर पक्के आठवतात. चहा झाला, केक संपला, बाहेर पाऊस सुरू झाला. मी निघालो तेव्हा धाकट्या बहीणबाई जुना फोटो शोधायला माळ्यावरची पेटी खाली काढायला सांगत होत्या, म्हणून मी कोट पुन्हा काढून ठेवला.