तुम्ही विचारलंत म्हणून: रॅम वाढवायची सोडून कॅशच्या मागे का?

परवा फोंड्याला लग्नात एका वर्गमित्राने परत तेच विचारलं, इंटेलने ऑप्टेन (रॅमपेक्षा मोठी पण हळू, लाइट गेली तरी डेटा राखणारी मेमरी) 2022 मध्येच गुंडाळलं, मग तू अजून ऑप्टेनच्या पुढ्यातल्या डीरॅम (म्हणजे नेहमीची रॅम) कॅशमध्येच, सारखा लागणारा डेटा हाताशी ठेवायच्या जागेतच, का अडकलायस, रॅम वाढवा आणि मोकळे व्हा. दर वेळी विषय बदलतो, आज सांगतोच.

एकेकाळी मीही असाच सोपा हिशोब करायचो. 2019 ला ऑप्टेनची 512 जीबीपर्यंतची मोड्यूल्स आली तेव्हा वाटलं, पुढ्यात थोडी डीरॅम कॅश ठेवायची, हिट रेट, म्हणजे मागितलेला डेटा कॅशमध्येच सापडण्याचं प्रमाण, वाढवायचा, झालं काम.

मग ती चवथ, गणेश चतुर्थी, आली. आदल्या दिवशी बाबा माटोळी (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवायची चौकट) बांधत होते, मी खाली उभा राहून एकेक नारळ, सुपारीचे घोस वर देत होतो आणि फोन आला, सगळं स्लो झालंय. आदल्या रात्री कॅशमधून काय बाहेर काढायचं त्याचा नियम मीच बदलला होता, जे जास्त वाचलं जातं ते ठेवायचं, बाकी काढायचं. हिट रेट वाढलेला स्क्रीनवर दिसत होता, त्यामुळे दोन तास मी ऐकूनच घेतलं नाही, नेटवर्क बघा म्हणालो आणि टीममधल्या ज्युनियर मुलीला सगळ्यांसमोर बोललो, आधी तुझा कोड तपास. शेवटी तिनेच राइट्सचे, म्हणजे ऑप्टेनवर किती लिहिलं जातंय त्याचे, आकडे काढून दाखवले. न बदललेला डेटा कॅशमधून नुसता टाकून देता येतो, पण बदललेला, म्हणजे डर्टी, ऑप्टेनवर लिहावाच लागतो आणि तिथे लिहिणं वाचण्यापेक्षा कितीतरी महाग. त्यात ऑप्टेन आत 256 बाइट्सच्या तुकड्यात काम करतं, आमचे रेकॉर्ड 64 बाइट्सचे आणि विखुरलेले, म्हणजे दर रेकॉर्डमागे चौपट लिखाण. माझा नियम नेमके तेच, कमी वाचले जाणारे पण सारखे बदलणारे रेकॉर्ड, बाहेर ढकलत होता. मुलगी बरोबर होती. सॉरी म्हणालो, पण फक्त तिला, मेसेजवर, आणि बोललो होतो सगळ्यांसमोर. माटोळी तोवर बाबांनी एकट्यानेच पुरी केली.

नंतर नियम असा केला की डर्टी रेकॉर्ड जास्त वेळ ठेवायचे आणि एकाच 256 च्या तुकड्यातले एकत्र लिहायचे. हिट रेट पडला, काम सुटलं.

ऑप्टेन गेलं म्हणून प्रश्न गेला असं नाही हो. आता सीएक्सएलवरची (प्रोसेसरला बाहेरून जादा मेमरी जोडायच्या जोडणीवरची) मेमरी आहे, लिनक्स 5.15 पासून थंड पडलेली पानं, म्हणजे फारसे न वापरलेले मेमरीचे तुकडे, हळू मेमरीत हलवू शकतं, काय जवळ ठेवायचं हे कोणीतरी ठरवायचंच आहे. पण मित्राचंही अगदीच चूक नाही, सीएक्सएलच्या मागे साधी डीरॅम असेल तर लिहिणं तेवढं महाग नाही, म्हणजे माझी अर्धी युक्ती तिथे निकामी.

आणि डर्टी रेकॉर्ड डीरॅममध्ये जितका जास्त वेळ, तितका लाइट गेल्यावर जास्त डेटा जाणार. म्हणून मी ऑप्टेनवर सलग लॉग, म्हणजे बदलांची ओळीने नोंद, लिहितो, त्यात 256 चे तुकडे भरून जातात, पण तुकडा भरायची किती वेळ वाट बघायची आणि कधी अर्धवटच लिहून टाकायचा, हा आकडा मी अजूनही दर पावसाळ्यात बदलतोय.