तुम्ही विचारलंत म्हणून: घर स्वतः विकावं की एजंटकडे द्यावं?

"एजंटला एवढे पैसे कशाला द्यायचे? तुम्ही तर स्वतःच विकलंत ना घर?" ओळखीत कोणी घर विकायला काढलं की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. खरं आहे, एक घर मी स्वतः विकलं. पण त्यानंतरचं दुसरं घर एजंटकडे दिलं, आणि तेही नीट विचार करून. त्यामुळे एका शब्दात उत्तर देता येत नाही.

पहिल्या वेळी हिशेब सोपा वाटला होता. दलालीची रक्कम वाचली तर नव्या घराचं फर्निचर त्यात होत होतं. फोटो मोबाइलवर काढले, जाहिरात ऑनलाइन टाकली, नंबर दिला. पहिल्या दिवशीचे बहुतेक फोन एजंटांचेच. "पार्टी तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा." खरी गिऱ्हाइकं नंतर आली आणि आपापल्या सोयीने आली: कोणी रात्री उशिरा, कोणी ऐन जेवायच्या वेळी, कोणी वेळ ठरवूनही फिरकलं नाही. हाताशी वेळ असेल तर हे सगळं निभावतं.

जड गेलं ते वेगळंच. एक जोडपं घर बघायला आलं. बाईंनी स्वयंपाकघरातला नळ सोडला, धार बघितली, बंद केला. मग ओट्याखालचं कपाट उघडून आतल्या पाइपावरून बोट फिरवलं आणि ते अंगठ्यावर चोळून ओल लागते का ते पाहिलं. तोंडातून एक शब्द नाही. आणि ती शांतता सहन न होऊन मी बोलत सुटले: पाइप गेल्याच वर्षी बदललाय, नळाचा वायसर तेवढा बघायला हवा, कपाटाची बिजागरी जरा सैल आहे. कोणी विचारलेलंही नव्हतं. मग त्यांच्या यजमानांनी सहज म्हटलं, "इतकं छान ठेवलंय घर, मग विकताय का?" मी सांगून टाकलं की नव्या घराचे पैसे दोन महिन्यांत भरायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आकडा आला तो बराच खालचा. पुढच्या प्रत्येक फोनवर "तुम्हालाही दोन महिन्यांत पैसे हवेत ना" हे होतंच. शेवटी घर त्यांनाच दिलं. दलाली वाचली, पण भावात गेलं ते त्याहून जास्त होतं.

त्याआधी मी सांगितलेला भावसुद्धा चुकलाच होता. आपल्या वस्तूची किंमत आपल्याला जास्तच वाटते. कानेमन, नेच आणि थेलर या अभ्यासकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि ते कितीला विकाल असं विचारलं. ज्यांना मग मिळाले होते त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांना मिळाले नव्हते ते जेवढं द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. हातात येऊन काही मिनिटंच झालेल्या मगाची ही गोष्ट. मी त्या घरात अकरा वर्षं राहिले होते. शिवाय मी भाव ठरवला तो आसपासच्या जाहिराती बघून, आणि जाहिरातीत असते ती विकणाऱ्याची इच्छा. बघायला हवे होते ते प्रत्यक्ष झालेले, नोंदलेले व्यवहार. भाव जास्त लावला की घर पडून राहतं, आणि पडून राहिलेल्या घरात काहीतरी खोट असणार असं लोक धरून चालतात. मग उतरवलेला भावही त्यांना जास्तच वाटतो.

दुसऱ्या घराच्या वेळी एजंटने पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, लोक बघायला येतील तेव्हा तुम्ही घरात थांबू नका." मला ते लागलं. आठवड्याभरात कारण कळलं. मालकासमोर लोक छान छान म्हणतात, एजंटला खरं सांगतात: बाथरूम अंधारं आहे, कपाटामुळे खोली कोंदट वाटते. आम्ही दिवे बदलले, कपाट काढलं. आणि कमी आकडा आला की तो शांतपणे म्हणायचा, "मालकांना विचारून सांगतो." हे वाक्य माझ्याकडे कधीच नव्हतं. मालकाला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणावं लागतं. मध्ये माणूस असला की रात्रभर विचार करता येतो. माझ्या मते दलालीतला मोठा भाग याच वाक्याचा असतो.

पण म्हणून एजंटचं सगळंच ऐकू नका. दलाली दोन टक्के धरा. भावात शंभर रुपये वाढले तर त्याला दोन मिळतात, आपल्याला अठ्ठ्याण्णव. त्या दोनासाठी आणखी पंधरा दिवस खपायचं, की आहे तो सौदा उरकायचा? लेविट आणि सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या उपनगरांतल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एजंटांची स्वतःची घरं तशाच इतर घरांपेक्षा साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली आणि ३.७ टक्के जास्त भावाने गेली. स्वतःच्या घरासाठी ते थांबतात. माझा एजंट "आलेली ऑफर घ्या" म्हणाला तेव्हा मी आठ दिवस मागून घेतले, आणि त्याच गिऱ्हाइकाने आकडा वाढवला.

अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरावरचा २००९ चा अभ्यास दुसरी बाजू सांगतो: स्वतः विकणाऱ्यांना भाव कमी मिळाला नाही, पण वेळ जास्त लागला आणि काहींना शेवटी एजंटकडे जावंच लागलं.

म्हणून विचारणाऱ्याला मी आधी मुदत विचारते. घाई नसेल, कागदपत्रं स्वच्छ असतील, आणि शेजारी किंवा भाडेकरू असं गिऱ्हाईक समोरच असेल, तर जरूर स्वतः विका. मुदत डोक्यावर असेल, तुम्ही दूर राहत असाल किंवा घर भावंडांत सामाईक असेल, तर एजंट घ्या. मात्र त्याच्याशी मुदत आणि दलाली लेखी ठरवा, आणि तो घेणाऱ्याकडूनही पैसे घेणार आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा. वकील दोन्हीकडे लागतोच, तिथे काटकसर नको.

स्वतः विकणार असाल तर घरातल्या दोघांनी काम वाटून घ्या. एकाने घर दाखवायचं, आकडा दुसऱ्याकडे. माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी असंच केलं. भावाचं विचारलं की ती म्हणायची, "ते यांना विचारून सांगते." नळ सोडून बघणारी माणसं तिच्याकडेही आली. ती बाजूला उभी राहिली, त्यांचं बघून होईपर्यंत काही बोलली नाही.