3 आठवडे मी "कारण दिसत नाही" लिहीत होते

ऑटिझम असलेल्या मुलांचा वर्ग घेते मी, आणि खरं सांगायचं तर आईबाबा वर्ग बघायला येणार म्हटलं की आदल्या रात्री माझीच झोप उडते. मूल त्या दिवशी नेहमीसारखं वागतच नाही ना! हा मुलगा 7 वर्षांचा. आईबाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, मागे बसा, मध्ये बोलू नका, बाकीच्या मुलांचं बाहेर काही सांगायचं नाही, फोटो तर नाहीच. सगळं मान्य. आणि हा आत आला तो सरळ आईच्या मांडीवर. "आधी मणी, मग झोका" असं चित्रांचं कार्ड दाखवलं तर ते त्याने आईच्याच हातात दिलं. अर्धा तास असाच गेला, शेवटी दोघांना म्हटलं बाहेर थांबा, दाराला काच आहे तिथून बघा.

बाबा वहीत काहीतरी टिपत होते. नंतर म्हणाले, "टीचर, तो अडला तरी तुम्ही 14 वेळा नुसत्या बघत बसलात." मला हसूही आलं आणि रागही. अहो, गप्प बसणं हेच तर काम आहे तिथे! सूचना एकदा द्यायची आणि मनात 10 पर्यंत मोजायचं, कारण ऐकलेलं समजून हात हलेपर्यंत त्याला वेळ लागतो, मध्येच आपण परत बोललो की त्याचं पुन्हा पहिल्यापासून. आणि लगेच हात धरून करून घेतलं तर पुढच्या वेळी तो आपल्या हाताचीच वाट बघणार. त्यांना पटलं का माहीत नाही, वहीत लिहून मात्र घेतलं.

पण मी चाट पडले ते आईमुळे. मधल्या सुट्टीनंतर तो रोज कान दाबून ओरडायचा, टेबलाखाली जाऊन बसायचा. अशा वेळी आम्ही एक तक्ता भरतो, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. पहिल्या रकान्यात 3 आठवडे माझं एकच, "कारण दिसत नाही". ओरडायच्या आधी तो "झालं हं झालं, आ कर" असं पुटपुटायचा, ते मी इकोलेलिया म्हणून सोडून दिलेलं, म्हणजे कुठेतरी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं. (इकोलेलियाला निरर्थक समजू नका हे नव्या टीचर्सना शिकवते कोण, तर मीच.)

त्या दिवशीही तो पुटपुटायला लागला आणि आई न विचारता दार उघडून आत. म्हणाली, "टीचर, हे माझं वाक्य आहे, दातांच्या डॉक्टरकडे मशीन सुरू झालं की मी हेच म्हणत होते त्याला." मग आम्ही दोघी नुसत्या कान देऊन उभ्या राहिलो. कोपऱ्यातला वॉटर प्युरिफायर! सुट्टीत सगळ्यांच्या बाटल्या भरल्या की टाकी रिकामी होते आणि मोटर सुरू होते, बारीक घर्रर्र, मला तर तो आवाज कधीचा ऐकूच येईनासा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून सुट्टी संपताना त्याचं बटण बंद. टेबलाखाली जाणं एकदम थांबलं नाही, पण आठवड्याभरात बरंच कमी झालं.

आणि बाबा? परवा आईने सांगितलं, घरी बूट घालताना ते थांबतात, पण मोठ्याने मोजतात. आता मुलगाही सोबत 10 पर्यंत मोजतो आणि "दहा" म्हटल्याशिवाय बुटाला हातच लावत नाही. आता ते मोजणं सोडवायचंय.